तोटीखालचा डबा

पोस्टकार्ड दाराच्या फटीतून आत पडलं होतं. सिद्रामप्पांनी ते चपला काढायच्या आधीच, उंबऱ्यात उभं राहून वाचलं. बायकोचं, नीलम्माचं, अक्षर टपोरं, रेघांना न जुमानणारं, त्यामुळं एका कार्डावर तिचा मजकूर मावायचा तो बेताचाच. भाचीचं लग्न नीट पार पडलं. नायगावला सगळे खुशाल. इकडं आडाला अजून पाणी हाय. पाऊस पडेस्तोवर हितंच ऱ्हावं असं वैनी म्हणतात, मलाबी वाटतं. जेवणाचे हाल करू नका. तोटीखालचा डबा जाग्यावर असू द्या. बस्स, एवढंच. सिद्रामप्पा सव्वीस वर्षांचे संसारी, जिल्हा कचेरीत आवक बारनिशीचे, म्हणजे येणारं टपाल नोंदवणारे, कारकून; आलेला कागद एकदा वाचला की त्याचा सारांश त्यांच्या डोक्यात आपोआप तयार व्हायचा. या कागदाचा सारांश मात्र होईना. 'मलाबी वाटतं' या दोन शब्दांशी ते सारखे अडत होते. नीलम्माला काय वाटतं हे तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. आणि आता ते पोस्टानं, तेही पोस्टमनला वाचता येईल असं उघड्यावर, आलं होतं. कार्ड हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. आत न्हाणीपाशी तोटीतून थेंब पडला. पालथ्या डब्यावर तो वाजला, आणि सिद्रामप्पा सोमवारी संध्याकाळी साडेसहाला दचकले.

नांदेडात असताना नळ हा विषयच घरात निघत नसे. बारा वर्षं तिथं काढली. नीलम्मा नायगावची, तिला गोदावरीचं फार. सोमवारी ती घाटावर जायची, पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची आणि परत येताना लुगड्याचा ओला काठ रस्ताभर रेघ ओढत यायचा. मूलबाळ झालं नाही. झालं असतं तर ती इतकी घाटावर बसली असती की नाही, असं सिद्रामप्पांना कधीमधी वाटे. मग लातूर जिल्हा झाला. सिद्रामप्पांचं गाव उदगीरच्या अंगाला. आपला जिल्हा झाला, आपल्या मुलखात जाऊ म्हणून त्यांनी हौसेनं अर्ज केला. नव्या कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. पहिले पंधरा दिवस त्यांनी गोणपाटावर बसून टपाल घेतलं, आणि जुन्या नोंदवह्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव लाल शाईनं खोडून वर 'लातूर' लिहिताना बारशाला बसल्यासारखा आनंद त्यांना झाला. बदलीचं नीलम्माला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं." सामान ट्रकवर चढवताना तिनं मागं वळून घाटाच्या दिशेनं पाहिलं आणि ट्रक हलल्यावर डोक्यावरून पदर घेतला. नव्या जिल्ह्याचं नवेपण ओसरायच्या आत पाऊस रुसला. हे तिसरं वर्ष. आता सिद्रामप्पांच्या टेबलावर येणारा दर दुसरा कागद टँकर मागणारा असे. सही, आंगठा, सरपंचाचा शिक्का. आणि लातुरात नळ आठ दिवसांनी सुटे; तेही कधी सुटेल त्याचा नेम नाही.

त्यांची आळी चढावर. सिद्रामप्पांचं भाड्याचं घर अगदी खालच्या टोकाला, त्यामुळं पाणी आलं तर पहिल्यांदा तिथं, आणि यंदा तर फक्त तिथंच. वरच्या पाच घरांना ते चढतच नव्हतं. नळ होता जुना, पितळी, नबाबाच्या काळातला असं घरमालक अभिमानानं सांगे, जणू नबाब स्वतः येऊन बसवून गेला होता. तो पहिल्यापासून गळका. नळ सुटला की बंद तोटीतूनही थेंब सुरू होई, आणि पाणी गेल्यावर नळीत उरलेलं दोन-तीन दिवस पाझरत राही. नीलम्मानं त्याखाली डालड्याचा रिकामा डबा पालथा घालून ठेवला होता. एकदा सिद्रामप्पांनी मिस्त्री आणला तर त्यानं पिशवीतून चामड्याचा वायसर काढला. नीलम्मा म्हणाली, "लिंगाच्या पूजेला हेच पाणी लागतंय. चामडं न्हाई चालायचं." मिस्त्री म्हणाला, या जुन्या तोटीला रबर महिनाभरसुद्धा टिकत नाही. "मग गळू द्या," ती म्हणाली. विषय संपला. सिद्रामप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. चामड्याचा मुद्दा त्यांना खोडता येईना. पण त्या आवाजानं त्यांचा जीव जाई. जेवताना घास अडे, हिशेबानं पुढचा थेंब कधी पडणार ते कान आधीच सांगत, आणि तो थोडा उशिरा पडला की छातीत कसंतरी होई. नीलम्मा त्याच आवाजात गाढ झोपायची. तिला तो सोसतो कसा, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही.

थेंबाशी त्यांचं वैर जुनं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते नांदेडहून रजा काढून गावी गेले होते. गावानं ठरवलं होतं, महादेव कोंडायचा. गाभाऱ्याचा उंबरा दगडमातीनं चिणायचा, पाणी बाहेर जायचं गोमुख बुजवायचं आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत आत पाणी भरायचं. देवाचा जीव गुदमरला म्हणजे तो पाऊस पाडतो. कोंडल्याशिवाय माणसालाही कळत नाही, तसंच देवाचं. गावातल्या शेवटच्या विहिरीत हंडा बुडेल एवढंच पाणी होतं. बायकांनी दिवसभर ते वाहिलं. पोरांना अर्धा पेला दिला आणि देवाला घागरी. गोमुख बुजवायचा मान सिद्रामप्पांच्या घराकडं होता. वडील, शिवप्पा, दम्यानं खंगलेले, म्हणाले, "औंदा तू बुजव." त्यांनी तळ्याच्या काठची माती आणली, चिंध्या घातल्या, मळली आणि गोमुखात ठासून भरली. ओल्या मातीचा वास अजून त्यांच्या नखांत होता. पण माती मळायला सबंध सकाळ लागते, अंबाडीचा वाख कुटून घालून ती लोण्यासारखी करावी लागते, आणि यांचे हात कारकुनाचे, तासाभरात कंटाळले. दुसऱ्या दिवशी उजाडताना शिवप्पा गोमुखापाशी उकिडवे बसलेले दिसले. खाली दगडावर थेंब पडत होता. आत पिंडीचं डोकं वीतभर उघडं झालं होतं. पुन्हा भरायला पाणी नव्हतं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिवप्पा फक्त म्हणाले, "सिद्राम, तुज्या हातानं गळालं बघ." त्या साली पाऊस झाला नाही. सबंध मराठवाड्यातच झाला नव्हता, पेपरात नकाशा छापून आला होता. सिद्रामप्पा शिकलेले, त्यांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग काय! ते दुसऱ्याच दिवशी नांदेडला परतले आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला, नीलम्मालासुद्धा, सांगितली नाही.

कार्ड खिशात ठेवून त्यांनी कोनाड्यातला पान्हा काढला. आज त्यांना एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती: नीलम्मानं परत यायला हवं, आणि ती यावी असं या घरात काही नव्हतं. बोलणं नव्हतं, पोर नव्हतं, नदी नव्हती. निदान गळकं काही नसावं. सायकलची जुनी ट्यूब त्यांनी कातरली, रुपयाच्या नाण्यावर धरून चार चकत्या कापल्या, एकीवर एक ठेवल्या. तोटीचं डोकं पंचवीस वर्षांत कुणी फिरवलं नसावं. पान्हा घसरला, बोट सोललं, ते त्यांनी तोंडात घातलं आणि पुन्हा जोर लावला. डोकं सैल झालं तेव्हा नळीत उरलेलं तांब्याभर पाणी त्यांच्या मनगटावरून वाहिलं, कोमट, गंजाच्या वासाचं. आतला जुना वायसर पिठासारखा कुसकरला. तो कशाचा होता ते आता कळत नव्हतं. चामड्याचाही असेल, नबाबालाच ठाऊक. त्यांनी चकत्या बसवल्या. घाई केली नाही. या वेळी अजिबात घाई केली नाही. एकदा बसवून काढल्या, कडा घासल्या, परत बसवल्या, आट्यांना ताग गुंडाळला, सफेदा भरला आणि डोकं कचकचून आवळलं. मग समोर पाटावर बसून राहिले. थेंब तयार झाला नाही. तोटीचं तोंड वाळलं. सिद्रामप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीच्या माणसानं तोटीपुढं बसून रडावं हे काही बरं नव्हे, पण घरात पाहायला कोण होतं! त्यांनी डबा उचलला, पुसला आणि माळ्यावर ठेवून दिला. मंगळवारी सकाळी पहिलं काम म्हणून कार्ड टाकलं. तोटी माझ्या हातानं दुरुस्त केली. रबर घातलं आहे, चामडं नाही. आता थेंब पडत नाही. तू ये. शेवटचे दोन शब्द लिहायला त्यांना बाकीच्या मजकुराहून जास्त वेळ लागला.

त्यानंतर घर असं शांत झालं की सिद्रामप्पांना त्यात तरंगल्यासारखं वाटू लागलं. कचेरीतून आले की ते ओसरीत बसत आणि ऐकत. काहीच ऐकू येत नसे, आणि ते काहीच-नसणं त्यांना गोड लागे. त्या शांततेत एकेक गोष्ट हलक्या पावलांनी येऊन बसे. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा त्याच्या खालून दिसलेली नीलम्माची पावलं, हळदीनं पिवळी, अंगठे आत वळवलेले. नांदेडच्या खोलीत तिला ताप भरला होता तेव्हाचा तिचा कढत तळहात. घाटावरून येताना ती एकदा म्हणाली होती, "आज पाणी लई बोलून राहिलं होतं," आणि त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हटलं होतं. काय बोलून राहिलं होतं, एवढं तरी विचारायला काय झालं होतं? आता विचारू, असं ते ठरवत. ती आली की पहिलं हेच. कचेरीत त्यांनी स्वतः भिंतीवर लावलेला कागद होता: 'तोटी बंद ठेवा, थेंब थेंब वाचवा.' जाता-येता तो वाचताना आता त्यांची छाती किंचित पुढं येई.

मागच्या पाण्याला, म्हणजे नीलम्मा गेल्यावर दोन दिवसांनी, नळ पहाटे सुटला होता. सिद्रामप्पा उठले तेव्हा न्हाणीतल्या साऱ्या घागरी, हंडा, पिंप भरलेलं. शेजारच्या केवळाबाईनं परसाच्या दारानं येऊन, आळीतल्या बायकांना बोलावून, सगळ्यांचं भरून वर यांचंही भरलं होतं. बायकांना कसं कळतं, असं त्यांना उगाच नवल वाटलं, आणि त्यांनी तोंड धुतलं.

रविवार उजाडला. पिंपाचा तळ दिसू लागला होता, पण आज नाहीतर उद्या नळ येणारच. दुपारी उन्हानं पत्रे कडकडत होते. जेवून ते ओसरीत भिंतीला टेकून बसले. त्याच भिंतीवरून नळाची लोखंडी नळी खाली न्हाणीकडं उतरली होती. पाठीला नळी लागे, तापलेली, म्हणून ते जरा सरकले, मग आळसानं पुन्हा टेकले. डोळा लागतो न लागतो तोच त्यांना नळी गार लागली. मणक्याच्या मधोमध, वरून खाली, कुणी ओलं बोट ओढावं तशी गार. ते सुखावले. गार वाढत गेलं. त्यांना दिसलं की ते गाभाऱ्यात उभे आहेत, पाणी गुडघ्याशी, मांडीशी, कमरेशी, आणि कुठं गळत नाही. गोमुखापाशी शिवप्पा उकिडवे बसलेत आणि दगड कोरडा आहे. "आप्पा, बघा," ते म्हणाले. पाणी छातीशी आलं. अंधारात त्या पाण्यात नीलम्मा पायरीवर पाय सोडून बसली होती, लुगड्याचा काठ पसरलेला. ती काहीतरी बोलत होती आणि पाणीही बोलत होतं. दोघांचं एकदम ऐकू येईना, म्हणून ते अजून जवळ सरकले, अजून टेकले. इतकी सुखाची झोप त्यांना चौदा वर्षांत लागली नव्हती.

दार वाजलं तेव्हा उन्हं कलली होती. केवळाबाई दारात, काखेत रिकामी घागर, मागं आणखी दोघीतिघी. "सिद्रामप्पा, नळ आला होता की काय?"

"न्हाई बा. मी घरातच हाय सकाळपासून."

"खालच्या आळीच्या बाया भरून चालल्यात की! वॉलवाला म्हनतो, दुपारी तासभर सोडलं होतं." ती न्हाणीकडं बघत होती. "डबा कुठं हाय?"

"कुठला डबा?"

"अक्काचा. तोटीखालचा. तो वाजला की भिंतीतून मला ऐकू येतंय, मग मी समद्यांना हाळी देते. तीन सालं झाली, त्या डब्यावरच हाय आमची आळी. आज कान लावून बसले होते, म्हटलं वाजला न्हाई, म्हंजे पानी न्हाई."

सिद्रामप्पांना पाठीवरचं ते गार बोट आठवलं. ते उठले, न्हाणीत गेले, तोटी फिरवली. ती कचकचून बंद होती, त्यांनीच केलेली. उघडताच पाणी धो धो आलं. केवळाबाईनं घागर पुढं केली, ती भरली, दुसरीनं हंडा लावला, तो अर्धा झाला, तोटी खोकली, दोनदा वारं थुंकली आणि थांबली. तासभर ते पाणी त्यांच्या पाठीशी उभं होतं, त्यांच्या चार चकत्यांना रेटत, आणि चकत्यांनी त्याला जागचं हलू दिलं नव्हतं. सहा घरं, आठ दिवस. कुणी शिव्या दिल्या नाहीत. केवळाबाई घागरीकडं बघत म्हणाली, "चांगली दुरुस्त केलाव की, अप्पा," आणि तिला तसं म्हणायचं नव्हतं हे त्यांना दिसलं. बाया दीड भांडं पाणी वाटून घ्यायला वर गेल्या. वरच्या घरातलं तान्हं रडत होतं. ते ऐकताना सिद्रामप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षांपूर्वी हातानं गळालं होतं, आज हातानं अडलं. ते न्हाणीच्या दगडावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले.

दिवेलागणीला दारात रिक्षा थांबली. नीलम्मा उतरली, एका हातात पिशवी, आणि मग रिक्षावाल्यानं दोन प्लॅस्टिकचे कॅन खाली ठेवले, तोंडाला फडकं बांधलेले, भरलेले. ती पूर्वीहून काळवंडली होती. आत येऊन तिनं पहिल्यांदा न्हाणीत बघितलं: कोरड्या घागरी, वाळलेली तोटी, रिकामी जागा.

"येऊन गेलं?" तिनं विचारलं.

"हाव." सिद्रामप्पा म्हणाले. "मी घरातच होतो."

"शनवारी तुमचं कार्ड आलं. वाचलं अन् आज मिळाली ती पहिली गाडी धरली. म्हटलं, आता आळीला कोण सांगंल? येता येता दोन कॅन आडाचं भरून आणलं. एक वर देऊन या, बाळंतिणीच्या घरी."

ती आपण बोलावलं म्हणून आली नव्हती, आपल्या चुकीसाठी आली होती. सिद्रामप्पांनी हे गिळलं आणि कॅन उचलून चढ चढले. परत आले तेव्हा ती चुलीपाशी न जाता न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती.

"चामड्याचं मी उगंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मिस्त्री तोटी नीट करंल म्हणून. उघडी ठेवावी तर मी उठेस्तोवर पहिलं पाणी वाहून जातंय. थेंब बरा. मला सांगता आलं असतं तुमाला. पण तुमी कधी उठलाव का पाण्याला?"

"न्हाई."

"तुमाला गळतं सोसत न्हाई, ते म्हाईत हाय मला. मामंजींनी सांगितलं होतं, जीव जाताना. म्हणाले, पोराला मी एक शब्द जास्त बोललो." ती थांबली. "अन् नसतं सांगितलं तरी काय? झोपेत हात चालतेत तुमचे. माती मळल्यासारखे. मळताव, लिंपताव, मळताव. मी धरते हात, मग निजताव."

सव्वीस वर्षं सिद्रामप्पांना वाटत होतं की या घरात ऐकणारे आपण एकटेच आहोत.

"तर ऱ्हाऊ द्या बंद," ती म्हणाली. "मी जागी ऱ्हाईन. नळीला हात लावून बसले की कळंल."

ते उठले. माळ्यावरून डबा काढला, फुंकून धूळ उडवली आणि तोटीखाली पालथा घातला, त्याच्या जुन्या गोल डागावर अगदी बरोबर. मग स्वतः दुरुस्त केलेली तोटी पाव वळसा उघडली. मग आपलं अंथरूण ओसरीतून आणून न्हाणीच्या उंबऱ्याशी पसरलं. नळीत कुठंतरी घोटभर उरलेलं असावं; ते हळूहळू तोंडाशी जमलं, लांबलं आणि सुटलं. डबा वाजला. सिद्रामप्पांच्या छातीत कसंतरी झालं, पण ते जागचे हलले नाहीत.

भिंतीपलीकडून लगेच केवळाबाईचा आवाज आला, "आलं काय वो अक्का?"

नीलम्मानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं त्यांच्याकडं बघितलं.

"न्हाई आलं," सिद्रामप्पांनी भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं. "तुमी सैपाक करा, केवळाबाई. आलं की मी हाळी देतो."